दुपारच्या नळाची परीक्षा

आमचे हे, म्हणजे अनंतराव, विमा कंपनीत कारकून. पण आमच्या नाहूरच्या इमारतीत ते प्लंबरांचे गुरू. आमची लेक उत्तरा काविळीतून उठत होती. तिला पाणी उकळूनच द्यायचं होतं आणि पाणी यायचं फक्त पहाटे. नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातला नळ गळू लागला.

"प्लंबर बोलवा ना," मी म्हटलं.

"तो येऊन पानाच फिरवणार. पाना माझ्याकडेही आहे."

रविवारी दुपारी ह्यांनी नळ काढला, आट्यांवर दोरा गुंडाळला, सफेदा फासला, थोडा ओट्यालाही. मग ऐटीत सांध्यावरून बोट फिरवलं. "बघ, गळतोय एक तरी थेंब?"

"अहो, दुपारी पाइपात पाणी असतं का?"

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट दिसते!"

पहाटे पाणी आलं आणि नळ उडून मोरीत पडला. ह्यांनी धावत जाऊन पाइपाच्या तोंडाला अंगठा लावला. घरात कालचं पाणी तांब्याभरसुद्धा नव्हतं. मी हंडा पुढे केला. "काढा अंगठा. भरला, लावा. आता कळशी."

पाणी जाईपर्यंत गुरुजी आज्ञेत होते. उत्तराचं पाणी गॅसवर चढलं, तेव्हा हे भिजल्या बनियनवर शेजाऱ्यांना सांगत होते, "काम पक्कं होतं हो, आज प्रेशरच फार आलं."