रागाचं पत्र

दादा,

सांगलीच्या स्टँडवर बाबा मला सोडायला आले, तेव्हा त्यांनी कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा हातात दिला होता, आठवतं? कोर्टात कारकुनी करण्यात त्यांचा जन्म गेला. बस सुटताना एवढंच म्हणाले, "रागाचं पत्र एक दिवस देवापाशी ठेवावं, मग टाकावं." तू हसलास. आपल्या देव्हाऱ्यात अशी पत्रं पडून असत. बरीचशी कधी गेलीच नाहीत.

इथे टेक्सासात, शुगर लँडला माझं देवघर म्हणजे पॅन्ट्रीतलं एक शेल्फ. सईचा बाबा, श्रीधर, गेला आणि घरात चूल पेटवायची नव्हती, तेव्हा समोरच्या अमाकाने काही न विचारता भात आणि केळ्याचे तळलेले काप आणून दिले. ती मूळची लागोसची, नर्स आहे. ते उपकार कसे फिटायचे?

मागच्या महिन्यात कोर्टाचं पत्र आलं. श्रीधरच्या गाडीवर गाडी घालणाऱ्या ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला होता. शिक्षा ठरण्याआधी घरच्यांनी जजना आपलं म्हणणं लिहून द्यायचं होतं. मी चार पानं लिहिली. त्याचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जावं, असं लिहिलं. सवयीने पाकीट देवापाशी ठेवलं आणि सईला घेऊन अमाकाकडे गेले.

रविवारी दुपारी आम्ही तिच्याकडे एक नायजेरियन वेब सिरीज बघतो. भावाचे मारेकरी पोलीस सोडून देतात, म्हणून एक शाळामास्तरीण त्यांना स्वतःच शोधून काढते. त्या दिवशी एकजण तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता, तिच्या हातात लोखंडी पाइप होता.

"मार," मी म्हणाले.

सई हळूच म्हणाली, "आई, यू सेड दॅट आउट लाउड."

अमाकाने पॉज केलं. तिला शब्द कळला नव्हता, आवाज कळला होता. तिच्या काकांना बाजारात चोर समजून जमावाने मारून टाकलं होतं, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मला वाटलं, आता उपदेश करणार.

"पण सिस्टर, तुझा गुन्हेगार खरा आहे. त्याने केलंय," ती म्हणाली. "तुला काय हवंय ते तूच ठरव."

घरी येऊन पाकीट उघडलं. चारही पानं त्या ड्रायव्हरबद्दल होती. श्रीधरबद्दल एक ओळ नव्हती.

मग एकच पान लिहिलं. तो इडलीवर मिरपूड घालायचा, सईच्या स्पेलिंगच्या चुका जपून ठेवायचा, बेसूर शीळ घालायचा. शिक्षा किती, ते जजवर सोडलं.

सईनेही पत्र लिहिलं, इंग्रजीत. मला वाचू दिलं नाही. पण पोस्टात टाकायच्या आदल्या दिवशी पॅन्ट्रीत गेली आणि ते शेल्फवर ठेवून आली. बाबांची ती रीत मी तिला कधी सांगितली नव्हती.

दादा, घरी कधी येतेस, असं तू दर फोनला विचारतोस. येईन. पण आता इथेही एक घर आहे.


तुझी,
सुमन