फौजी कोटांची वही

माझे सासरे शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, मी बाबा म्हणते, आणि भांडण झालं की 'तुमचे वडील' म्हणून नवऱ्याच्या गळ्यात घालते. भांडण होतंच, कारण बाबा काय नि मी काय, नाकावर माशी बसू देत नाही. एक टाका तिरका गेला तर हा माणूस अख्खी शिवण उसवतो, आणि गिऱ्हाईक 'चालेल हो' म्हणालं तर वर त्यालाच झापतो.

आमच्या दुकानासमोरच्या चौकात एक दगडी खांब आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या युद्धात कामी आलेल्या गावच्या माणसांची नावं त्यावर कोरली आहेत. जे लढाई संपवून घरी परतले, त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्यासाठी दुसरा दगड बसवायचं ठरवलं आणि समिती नेमली. समिती म्हणजे बाई स्वतः, एक पोस्टमन आणि आमचे बाबा. पण परतलेली माणसं शोधायची कशी? बहुतेक वारली होती, कुणाचे कागद पुरात गेले होते, तर कुणाचे रद्दीत.

तेव्हा बाबांनी माळ्यावरून त्यांच्या वडिलांची, म्हणजे थोरल्या मास्तरांची, मापांची वही काढली. युद्धाहून आलेली माणसं अंगावरचा फौजी कोट घेऊन दुकानात यायची. कापड जाड, टिकाऊ, टाकवत नसे. मग तो उसवून कुणी साधा कोट शिवून घेई, कुणी पोरांना जाकिटं. टेबलावर एकाच रंगाचे पाच-सहा कोट पडलेले असत. अदलाबदल होऊ नये म्हणून थोरले मास्तर कोटाच्या आतल्या पट्टीवरचा शिपायाचा नंबर मापाशेजारी लिहून ठेवायचे. छाती अडतीस, बाही साडेतेवीस, आणि पुढे फौजेचा नंबर.

बाबांनी ते नंबर लष्कराच्या नोंद कचेरीला कळवले. उत्तरं यायला लागली तसे बाबांचे पाय जमिनीला लागेनात. तेहतीस नंबर, तेहतीस माणसं. बाजारात मासे विकणारा, शाळेची घंटा वाजवणारा, आमच्या शेजारणीचे आजोबा. शेजारीण पत्र घेऊन गेली ती जिन्यातच बसून रडली. मला सांगायला लाज कशाला वाटावी, त्या दिवशी मला बाबांचा फार अभिमान वाटला. एरवी चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं करणारा हा माणूस गावाला त्याची माणसं परत देत होता.

नियमही बाबांनीच घातला होता. कचेरीचा दाखला असेल तरच दगडावर नाव. कुणी म्हणालं, "माझी आई सांगायची, मामा फौजेत होता." बाबा म्हणाले, "आई सांगायची हा पुरावा नव्हे."

आणि स्वतःच त्या नियमाच्या कात्रीत सापडले.

कारण थोरले मास्तरही अडीच वर्षं युद्धावर होते. बाबांना त्यांच्या आईनंच सांगितलं होतं. गाव मात्र म्हणायचं, शिंपी घरात भांडून पळून गेला होता. शाळेत बाबांना 'पळपुट्याचा' म्हणून हाक मारत. थोरल्या मास्तरांनी आयुष्यभर त्यावर ब्र काढला नाही. त्यांचाही फौजी कोट होता. तो कापून त्यांनी बाबांना जाकीट शिवलं, पण वहीत त्याची नोंद नाही. घरच्या कामाची नोंद कुठला शिंपी करतो? गावभरच्या माणसांचे नंबर जपणाऱ्यानं स्वतःचाच लिहिला नव्हता. कचेरीनं कळवलं, या नावाचे पुष्कळ आहेत, नंबर द्या.

यादी बाईंकडे द्यायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "आजोबांचं नाव?"

"पुरावा नाही."

"तुमच्यावर कुणी शंका घेणार नाही, बाबा."

"म्हणूनच लिहिता येत नाही," ते म्हणाले आणि मशीनवर बसले. मशीनमध्ये दोरा नव्हता. तसंच पायडल मारत राहिले.

मला राग आला, आणि मी राग आला की गप्प बसत नाही, उठून चालू पडते. यादीतल्यांपैकी एकच जण हयात होते. फौजेत ट्रक चालवायचे, आता पलीकडच्या गावात लेकीकडे राहतात. दगडाच्या कार्यक्रमासाठी फोटो काढायचं निमित्त करून मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांना यादी वाचून दाखवली.

ते म्हणाले, "शिंप्याचं नाव राहिलं की गं पोरी."

"तुम्ही ओळखायचात?"

"ओळखायचो काय? भरतीच्या रांगेत तो पुढे आणि मी मागे. तिकडं आमच्या तुकडीचे फाटके कपडे शिवायला त्याला बसवला. जखमींचे गणवेश यायचे, ते धुऊन शिवायचे. मला म्हणायचा, तुम्ही लढून आलात, मी सुई चालवून आलो, गावात काय तोंडानं सांगू? तुम्हीही बोलू नका. माझ्या अंगावर थंडीत जे काही होतं ते त्यानं शिवलेलं, पोरी. नाहीतर मी ह्या फोटोसाठी उरलो नसतो."

"नंबर आठवतो का त्यांचा?"

ते माझ्याकडे बघून हसले. "रांगेत पुढे होता म्हटलं ना. माझ्या नंबरातून एक वजा कर."

मी बाबांना न विचारता कचेरीला पत्र टाकलं. बाईंना तेवढं सांगून यादी थांबवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, व्यवसाय शिंपी, सेवा दोन वर्षं सात महिने, सन्मानानं सेवामुक्त. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाले, "सूनबाई, अर्ज समितीकडे रीतसर यायला हवा." मी अर्ज लिहिला. त्यात त्यांनी एक चूकही काढली.

दगड बसला त्या दिवशी चौकात उभं राहायला जागा नव्हती. बाई एकेक नाव वाचायच्या, विचारायच्या, "घरचं कोण आलंय?" मग त्या घरचे पुढे येऊन उभे राहायचे. बाबा सकाळपासून समितीच्या बाजूला, हातात यादी घेऊन, कुणाला कुठे उभं करायचं ते बघत होते. बाईंनी चौतिसावं नाव वाचलं आणि विचारलं, "घरचं कोण आलंय?"

बाबांनी यादी पोस्टमनच्या हातात दिली. समितीची जागा सोडून ते चौकाच्या मधोमध गेले, आणि ज्या गावानं त्यांना पळपुट्याचा म्हटलं होतं, त्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी आलोय. मी त्यांचा मुलगा."