चिंचेनं घासलेली बंदूक

बंदूक मी घासली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको का म्हातारीनं झाकून ठेवलं.

आमच्या घरात दोन नळीची बंदूक व्हती, माझ्या सासऱ्याची. घोटीच्या अंगाला एक सायेब शिकारीला यायचा. सासरे त्याच्यासाठी रान उठवायला जायचे. सायेब देश सोडून गेला तव्हा बंदूक ह्यांना देऊन गेला. सासऱ्यांच्या मागं लायसन आमच्या मालकाच्या नावावर आलं. भातात डुकरं शिरायची, त्यांना हुसकवायला वर्षाकाठी चार-दोन बार निघायचे. तेवढाच तिचा उपेग. सगळे तिला विलायती म्हणायचे. मीबी म्हणायची.

दसऱ्याला आमच्यात हत्यारं पुजतात. कोयता, विळा, कुऱ्हाड आन बंदूक. पुजेला मांडायची वस्तू मळकी नको, ही माझ्या सासूची शिस्त. बंदुकीच्या नळ्या तर काळपट, तांबूस, त्याच्यावर पाण्यावर तेल पसरल्यावानी रेघाच रेघा. मला वाटलं गंजच हाय. मग मी देवाची पितळ घासते तशी तिला चिंच आन राख लावली. मालक ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. "आत पाणी जाऊ देऊ नको," एवढंच म्हणायचे. चाळीस दसरे घासली. शेवटी शेवटी चांदीवानी झाली. हळद-कुंकू काय उठून दिसायचं तिच्यावर! मला लय बरं वाटायचं.

मालक गेले. लायसनवाला गेला का बंदूक घरात ठेवता येत नाय, म्हणून ती नाशिकला बंदुकीच्या दुकानात जमा केली. तीन वर्षं तिथंच पडून व्हती. कुणाला तिची आठवणबी नव्हती.

माझा पोरगा नाशिकजवळ अंबडला कंपनीत वेल्डिंगला व्हता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा गेला. मग कुठं चार दिवस, कुठं आठ दिवस. असं वरीसभर चाललं. सून दोन्ही पोरींना घेऊन माहेरी गेली. भांडून गेली असती तर मी जाऊन भांडले असते, वढून आणलं असतं. पण ती सरळ बोलली, "आत्याबाई, पोरींची शाळा तरी व्हईल तिकडं. ह्यांना पक्कं काम लागलं का निरोप धाडा, त्याच दिवशी येते."

पोरगा घरात बोलंनासा झाला. भाकर ताटात तशीच ऱ्हायची. एकदा मी शेतातून आले तर गोठ्यात आढ्याकडं बघत उभा. मी गोठ्यातला दोर घरात आणून माझ्या अंथरुणाखाली ठेवला.

मग एका वळखीच्यानं सांगितलं, गोडाऊनच्या गेटवर गनमॅन पायजे. ज्याची सोताची लायसनवाली बंदूक, त्यालाच घेत्यात. पोरगा उठला, दाढी केली. त्या दिवसापासून कचेरीत हेलपाटे सुरू झाले. वारसाचा दाखला, पोलिसाची चौकशी, फोटू, सगळं झालं. शेवटी कारकून म्हणला, "कागदावरचा नंबर बंदुकीवर दिसला पाहिजे, आन बंदूक धड हाय असं दुकानदाराकडून लिहून आणा." सिक्युरिटीवाल्यानं फुडच्या सोमवारपर्यंत जागा धरली व्हती. त्यो दिवस मंगळवार व्हता.

आम्ही माय-लेक दोघं दुकानात गेलो. तिथला मिस्त्री म्हातारा, माझ्याच वयाचा असंल. पोरगा त्याला चाचा म्हणायचा. त्यानं बंदूक बाहेर काढली, डोळ्याला भिंग लावलं आन नळी फिरवत ऱ्हायला.

"नंबर कुठंय?" म्हणला.

पोरानं बोट दाखवलं. तिथं काय नव्हतं. नुसती चकाकी.

"ही घासली कुणी?"

"मी," म्हणलं.

"कशानं?"

"चिंचेनं. राख लावून."

त्यानं कपाळाला हात लावला. "आजी, बंदूक हाय का पातेलं? चिंचेनं लोखंड खाल्लं, नंबरबी खाल्ला."

पोरगा माझ्याकडं बघाया लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पदर तोंडाला लावून उभी ऱ्हायले. मनात म्हणलं, देवा, माझ्याच हातानं?

मिस्त्री मात्र काय तरी खटपट करत व्हता. नळीच्या खाली हात धरायला लाकूड असतं, ते त्यानं खटकन काढलं. मला ठावंबी नव्हतं का ते निघतं. आत नळीच्या पोटाला आकडे, कालच ठोकल्यावानी.

"इथं तुमची चिंच पोचली नाय," म्हणला.

एकेक आकडा तो वाचत गेला, पोरगा कागदावर बोट ठेवत गेला. सगळे जुळले. पोरगा मटकन स्टुलावर बसला आन हसला. वरसानं हसला.

पण मिस्त्री भिंग काढंना. आकड्यांशेजारी बारके शिक्के व्हते. एक मुकुट, त्याच्याखाली दोन फांद्या एकमेकीवर तिरप्या. त्यानं मलाबी दाखवलं.

"ही इंग्रजाची नव्हं. फ्रान्सची हाय, सेंट-एतियेन गावची. तिकडं बार काढून पारखायचे, मग शिक्का मारायचे. हे बघा, पासष्ट, काडतुसाची लांबी, मिलिमीटरमधी. म्हंजे हिला आखूड काडतूस लागतं. आज मिळतं ते सत्तरचं. आन नव्या, बिनधुराच्या दारूचा शिक्काच नाय हिच्यावर. काळ्या दारूवर पारखलेली हाय. तुमचे मालक काय घालायचे?"

"पितळी नळकांडी. घरी भरायचे, काळी दारू."

"म्हणून टिकली. नळीबी अखंड नाय ही. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून केलेली. त्या रेघा दिसायच्या ना, त्यो गंज नव्हता आजी, कारागिरी व्हती." मग त्यानं नळीची जाडी मोजली. डाव्या नळीवर एका जागी दोनदा मोजली. "हितं लय पातळ झाली."

पोरानं हात जोडले. "चाचा, लिहून द्या ना. झाडायची कुणाला हाय? नुसती खांद्याला लावून उभं ऱ्हायचं."

"आन चोर आला तर? त्याला सांगशील का, थांब बाबा, माझी बंदूक म्हातारी हाय?"

"मी कधी झाडणार नाय. आईची शपथ."

"आई हितंच उभी हाय. तिलाच इचार."

मी म्हणलं, "भाऊ, हात न लावता मारून बघता येती का?"

मिस्त्रीनं भिंग खाली ठेवलं. मग म्हणला, "येती. हलकं, आखूड काडतूस घालू. बांधून, लांबून दोरीनं. दोन्ही नळ्या टिकल्या, आन बार झाल्यावर मोजून जाडी तेवढीच भरली, तर त्या काडतुसापुरतं लिहून देतो. त्याच्या फुडं नाय."

शुक्रवारी सकाळी, पोलिसाची चिठ्ठी घेऊन, गावाबाहेरच्या बंद खाणीत गेलो. मिस्त्रीनं ट्रॅक्टरचं जुनं टायर आणलेलं. बंदूक त्याच्यावर रबरी पट्ट्यांनी आवळली, तोंड मातीच्या ढिगाकडं. आधी नळीत उजेड धरून आत काय अडकलंय का बघितलं. मग एकच काडतूस घातलं, उजव्या नळीत. घोड्याला सुतळी बांधून मोठ्या दगडामागं आणली. कानात कापूस घालायला लावला.

पोरगा सुतळी घ्यायला फुडं झाला. मी आधी धरली. "घासली मी, ओढते मी."

बार झाला. मिस्त्रीनं आम्हाला हलू दिलं नाय, बराच वेळ थांबवलं. मग जाऊन बंदूक उघडली, नळी पुसली, मोजली. "उजवी ठीक हाय."

"आये!" पोरगा लहान पोरावानी वरडला. "सोमवारी सही झाली का मी तसाच पोरींना आन तिला आणायला जातो!"

"डावी ऱ्हायली अजून," मिस्त्री म्हणला.

डाव्या नळीत काडतूस घातलं. मी सुतळी ओढली. ह्या टायमाला आवाज येगळाच आला. कापड फाटावं तसा, पण लय मोठा. दगडावर काय तरी येऊन टणकन आपटलं.

जवळ गेलो तव्हा नळी उलून पडली व्हती, केळीच्या सालीवानी. जिथं डाव्या हाताची मूठ बसते तिथंच. लाकडाच्या चिरफळ्या झाल्या व्हत्या.

मिस्त्री हळू बोलला, "हात गेला असता तुझा, बेटा."

पोरगा खाली बसला. "मग हात ऱ्हाऊन काय करू चाचा? पोरी हात खातील का?"

मिस्त्रीनं तुकडे पोत्यात गोळा केले, ते ठाण्यात जमा करायचे व्हते. पोरानं त्या कागदावर सही केली.

बसमधी तो खिडकीकडं तोंड करून बसला. घोटी जवळ आली तव्हा म्हणला, "सुतळी मला ओढू द्यायची व्हती."

"का?"

"मी दुसऱ्या बाराला ओढलीच नसती. पहिल्यावरच चाचाला गयावया केली असती."

"म्हणून तर मी धरली," म्हणलं.

घोटीला उतरलो. सुनेच्या गावाकडं जाणारी जीप भरत व्हती. पोरानं तिकडं बघितलं आन मान वळवली. मी त्याला शेजारच्या घरी बसायला सांगितलं, एकट्यानं घरी जाऊ नको म्हणलं. त्याच्याकडून हो म्हणून घेतलं. आन मी जीपमधी चढले. काय बोलायचं ते काय ठरलेलं नव्हतं.

सून चुलीम्होरून उठून आली, हाताला पीठ. "झालं का काम?" म्हणली.

"नाय झालं. बंदूक फुटली. दसऱ्याला घासून घासून मीच पातळ केली व्हती. नोकरी गेली. तो धड हाय, पण त्याला एकटं ठेवायची मला भीती वाटती."

ती उभी ऱ्हायली. हाताचं पीठ चोळत ऱ्हायली. मग आत गेली आन पाण्याचा तांब्या घेऊन आली. चहाचं काय बोलली नाय. येते म्हणली नाय, नाय येत असंबी म्हणली नाय. मी पाणी पिले. आन उठले नाय, तिच्या ओट्यावर तशीच बसून ऱ्हायले.