मोठ्या टाकीचं कार्ड

बायको गेल्यावर लोक म्हणाले, सवय होईल. ज्यांना म्हणायचं ते म्हणोत, त्यांच्या बायका घरी पोळ्या लाटतायत. मला काही सवय झालेली नाही. पण हे लिहायला बसलो ते रडायला नाही, एका कार्डाबद्दल सांगायला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यातही सहावी दोनदा, तेव्हा चुका असतील तर असू द्या.

दिंडोरीला माझं गॅरेज होतं. द्राक्षबागांच्या फवारणीचे पंप दुरुस्त करायचो. राहायला आम्ही नाशकात, द्वारका चौकाच्या मागे, तळमजल्यावर दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर आमच्याकडे राहिला, टेबलक्लॉथ घालून, देवासारखा. नवीन शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. त्याच सुमाराला बायकोला अर्धांगवायू झाला. डावा हात, डावा पाय गेला, जीभ मात्र शाबूत. मी डॉक्टरला म्हटलं, साहेब, जरा जिभेकडे सरकला असता तर चाललं असतं. डॉक्टर हसला नाही. ती हसली.

पण घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. व्यायाम नको, जेवण नको. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकून दिला. बाणांची चार बटणं आणि उजव्या हाताची तीन बोटं, एवढ्यावर गाडी पळायची.

पहिल्याच दिवशी ही म्हणाली, "अहो, इथे पाय लागतच नाही."

मी पंपाचा वॉशर शोधायला आतल्या खोलीत गेलो. वॉशर तिथे नव्हताच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे वीस वर्षं स्कूटर होती. ही दर दिवाळीला म्हणायची, मला शिकवा. मी म्हणायचो, पडशील. एकदाही हँडल धरू दिलं नाही. कारण विचाराल तर एकच, मी गाढव होतो.

मुलीने पुढच्या खेपेला नवा गेम आणला आणि घोटाळा झाला. गाडी निघायची, अडकायची, मग एकदम उडी मारून झाडावर. चार दिवस हिने झाडं पाडली आणि पाचव्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, ग्राफिक्स कार्ड घाला, नाहीतर हा गेम चालणार नाही.

शरणपूर रोडला एक दुकान होतं, पहिल्या मजल्यावर. मी गेलो. दुकानदाराने तीन डबे काढले. कार्ड एकच, प्रकार तीन. एकाला पंखाच नव्हता, ते मी हात न लावता परत दिलं. पंख्यावाचून इंजिन मला कोणी शिकवू नये.

"काका, आता हे दोन," तो म्हणाला. "ह्याची मेमरी एकशे अठ्ठावीस. ह्याची दोनशे छप्पन, पण ह्याची डेटा जायची रुंदी निम्मी आहे. तिकडे एकशे अठ्ठावीस बिट, इकडे चौसष्ट."

मी बँकेत हलवतो तशी मान हलवली. "किंमत?"

"सारखीच."

"मेमरी म्हणजे टाकीच ना?"

"तसंच समजा. पण काका..."

"पण नको. मोठी टाकी द्या."

डब्यावर तलवार घेतलेली एक बाई होती, अंगावर कपडे बेताचेच. गल्लीतून नेताना मी डबा वर्तमानपत्रात गुंडाळला.

दुरुस्तीवाल्याने कार्ड बसवलं. गाडी निघाली, चार गाड्या समोर आल्या आणि पुन्हा अडकली. हिने बटणांवरची बोटं काढली. मग विचारलं, "दुकानात काय काय होतं?" मी सगळं सांगितलं. टाकी दुप्पट घेतली, हेही जरा छाती काढूनच सांगितलं.

"आणि रुंदी?"

"निम्मी."

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीतून उठलो.

"लग्नानंतरचा पहिला हंगाम आठवतो? ती बाग? पंप तुमचा, भलीमोठी टाकी आणि पाइप कुठला तरी बारीक उचलून आणलेला. मी पाइप ओढत होते आणि तुम्ही गन धरून आभाळाकडे बघत होतात. फवारा नुसता थुंकत होता. बागायतदाराने दोघांच्या सात पिढ्या काढल्या. त्यानंतर जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलात, टाकी बघू नका, पाइप बघा. आणि बायकोला बारीक पाइप?"

मी तसाच दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, सील तोडलंय, परत होत नाही. मी दोन शिव्या दिल्या, त्याने एक दिली. घरी आलो.

"रिक्षा बोलवा," ही म्हणाली.

आठ महिन्यांत दवाखाना सोडून तिने उंबरा ओलांडला नव्हता. दुकानाच्या जिन्याला सतरा पायऱ्या. मी उचलतो म्हटलं तर म्हणाली, "कंबर मोडून घ्याल, मग दोघांचं कोण करणार?" ती जिन्याकडे पाठ करून बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकली. मी पुढ्यात तिचा डावा पाय धरून. दुकानदार दारात येऊन उभा राहिला, तोंड उघडं.

"भाऊ, चूक ह्यांचीच," ही धापा टाकत म्हणाली. "पण तुम्हाला माहीत होतं ना?"

"काकू, मी सांगत होतो, पण काकांनी..."

"ह्यांना कोण सांगणार? सत्तावीस वर्षं मी सांगतेय."

"खेळतं कोण? नातू?"

"मी."

त्याने काउंटरवरचा स्वतःचा कॉम्प्युटर उघडला. आधी आमचं कार्ड लावून हिला तोच गेम दिला, मग दुसरं लावून. दुसऱ्यावर गाडी अशी निघाली की दुकानातली गिऱ्हाइकं मागे येऊन उभी राहिली. एकजण ओरडला, "मावशी, ब्रेक!"

"ब्रेक तुझ्या घरी जाऊन दाब," ही म्हणाली आणि दोन गाड्या मागे टाकल्या.

दुकानदाराने मुकाट्याने कार्ड बदलून दिलं.

येताना द्वारकेला रिक्षा अडकली. ही रिक्षावाल्याला म्हणाली, "डावीकडून काढ, जागा आहे." त्याने काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "स्कूटर कुठाय हो? दिसत नाही हल्ली."

"विकली. तुझ्या आजारपणात."

"बरं झालं. तुम्ही तशीही शिकवली नसती."

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. रोज सकाळी व्यायाम करायची, कारण तो झाल्याशिवाय मी कॉम्प्युटर लावत नव्हतो. मग गाडी काढायची. मी शेजारी स्टूल घेऊन बसायचो. एकदा मलाही हुक्की आली. म्हटलं, "दे गं जरा, मी चालवून बघतो."

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "पडाल."

शेवटपर्यंत एकदाही दिली नाही. बरोबरच केलं.