शाळा पुरे म्हणून म्हणाले

माझी नात जपानी शिकते. लांब उत्तरेकडच्या विद्यापीठात, जपानी भाषा आणि भाषाशास्त्र. मी कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढं जन्मभर कोप्पीकर रोडवर भांडी विकली. भाषेचंही शास्त्र असतं हे तिच्यामुळं कळलं. सुट्टीत धारवाडला, मळमड्डीत आमच्या घरी येऊन जपानी कुणाकडं शिकणार म्हणून विचारलं, तर तुमच्याकडं म्हणाली.

पुण्याकडं 'तो म्हणाला की मी येतो' म्हणतात. आम्ही 'येतो म्हणून म्हणाला' म्हणतो. आधी त्याचं बोलणं, मग 'म्हणून'. कन्नडात 'बरतीनि अंत हेळिदा', तसंच. आणि जपानीतही तसंच, 'कुरु तो इत्ता'. त्यांचं 'तो' ते आमचं 'म्हणून'. यावर तिचा प्रबंध. त्यासाठी इथल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं टेप करून न्यायचं, नाहीतर विषय बदला म्हणून तिच्या बाईंनी सांगितलेलं. वर्ष फुकट गेलं असतं पोरीचं.

तिनं मोबाईल पुढं ठेवला. मी घसा साफ केला आणि दुकानाची हकीकत सांगितली. गिऱ्हाईक म्हणालं की, मी म्हणालो की. एकही 'म्हणून' येऊ दिलं नाही. बहिणीच्या लग्नात पुण्याची पोरं दिवसभर 'म्हणून म्हणून' करत माझ्या मागं फिरली होती. तेव्हापासून परक्यापुढं मी 'की' लावतो. मशीन परकंच की.

ऐकून तिनं तोंड लहान केलं.

"अज्जा, हे कुणाचं मराठी?"

"चांगल्या लोकांचं."

"मला तुमचं पाहिजे."

"आमच्या चुका जपान्यांना दाखवतीस?"

चूक नाही म्हणून तिनं परोपरीनं सांगितलं. असली समजूत काढणारे मी पुष्कळ बघितलेत. रोज दुपारी ती मोबाईल घेऊन बसायची, मी 'की की' करायचो, आणि उठताना दोघंही दमलेले. माझे गुडघे तर नुसतं बसूनच दुखायचे. शेवटी, राहू दे, सुभाष रोडवरच्या तपकीरवाल्या काकांकडं जाते म्हणाली.

"त्याचं घेऊ नकोस. तो साताऱ्याचा. परवा आलाय."

"चाळीस वर्षं झाली त्यांना."

"मग परवाच की."

"मग तुम्ही बोला."

आमच्या घराण्याच्या किती पिढ्या इथं गेल्या, आणि धारवाडचं मराठी म्हणून जपानात त्याचं जाणार? लाव म्हटलं मशीन.

खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. शुद्ध बोलायलाही अंगात ताकद लागते, ती आता कुठली. जसं आलं तसं बोलत गेलो. लहानपणाचं विचारलं तिनं. चौथीचा निकाल घेऊन घरी आलो, अप्पा जेवत होते, पास झालो म्हणून सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. शाळा पुरे म्हणून म्हणाले. उद्यापासून दुकानात ये म्हणून म्हणाले.

 तिनं मोबाईल माझ्याकडं सरकवला.

"अज्जा, ते शाळेचं वाक्य परत बोलता? आवाज खाली गेला तुमचा. त्यातलं 'म्हणून' नीट आलं नाही."

पाणी प्यालो. परत बोललो, जरा मोठ्यानं.