टिकल्यांची वाटणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे घरातल्या सामानाला टिकल्या लावणं. बायको पुढे, मी टिकल्यांची पाकिटं धरून मागे.

पोरगा कॅनडात. त्यानं आम्हा दोघांना कायमचं बोलावलं होतं. घर भाड्यानं द्यायचं, म्हणजे सामान वाटणं आलं. मी चौथी शिकलेला. म्हटलं, चिठ्ठ्या लिहितो, कोणतं कोणाचं ते. ती शाळेत गेली नव्हती, पण माझं अक्षर तिला ठाऊक होतं.

"तुमचं लिहिलेलं तुमालेच वाचता येत नाही," ती म्हणाली. "टिकल्याच बऱ्या."

फ्रिजला लाल, पिठाच्या घरघंटीला हिरवी, शिलाई मशीनला लाल, कुलरला हिरवी. कोणता रंग कोणाचा ते ती सांगत होती. मी कुलरसमोर उभा होतो, हवा चांगली येत होती, ऐकलं नाही. चाळीस वर्षं तिचं अर्धंच ऐकलं आणि काही बिघडलं नाही, असा माझा समज. शेवटी एक टिकली तिनं माझ्या कपाळाला लावली आणि मागे सरकून पाहिलं.

"अवो, तुमाले कोन नेईन?"

"फुकट भेटलो तं कोनीबी नेईन."

"फुकट नेऊन मी पाह्यलं," ती म्हणाली आणि टिकली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता 'चक्कर येऊन राहिली' म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. उठली नाही.

पोरगा आला, तेरावं करून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, महिन्याभरात या. तिकीट मी काढतो." मी मान हलवली. खरं सांगतो, मला कधीच जायचं नव्हतं. हौस तिची होती. मला इंग्रजी येत नाही, नातवाला मराठी येत नाही. एकमेकांकडे पाहून हसायचं, ते तरी किती वेळ?

पण पोराला तोंडावर नाही म्हणवेना. मग टिकल्या कामी आल्या. त्याचा फोन आला की मी सांगायचो, "तुह्या मायनं सामान वाटून ठेवलं, पण कोनता रंग कोनाचा ते समजून नाही राहिलं. तिचा शब्द मोडू काय?" पोरगा तिकिटाचं पुढे ढकलायचा. तीन आठवडे असे काढले. कोणी विचारलं की मी घरघंटीकडे पाहून उसासा टाकायचो. दुःख खोटं नव्हतं, पण मी त्याला कामाला लावलं होतं.

एक दिवस भिवापूरहून साळी, म्हणजे बायकोची बहीण, आली. दारातूनच म्हणाली, "भाऊजी, घरघंटी माही आहे." शेजारीण ताकाचा तांब्या घेऊन मागोमाग हजर. "मावशी, घरघंटीचं तं माह्याशी बोलणं झालं होतं." मला बरं वाटलं. भांडण जुंपलं तर आणखी एक महिना सहज निघाला असता.

"तुमीच पाहा बापा," मी म्हटलं. "तिच्या मनातलं कोनाले माहीत."

दोघी घरभर फिरल्या. शेजारणीनं फ्रिजची टिकली पाहिली, घरघंटीची पाहिली, मग साळीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"राहू द्या मावशी, घरघंटी तुमचीच."

"काहून?" मी घाईनं विचारलं.

"काका, आमच्या कपाळाकडे पाहा."

साळीची टिकली हिरवी. शेजारणीची लाल, रुपयाएवढी.

"लग्न झालं तवापासून मी हाच रंग लावून राहिली," शेजारीण म्हणाली.

"अन् मी हिरवाच," साळी म्हणाली. "भाऊजीनं कधी पाह्यलं असन तं ना."

"मी काय बायांचे तोंडं पाहत फिरतो काय?"

"घरातल्या बाईचं तरी पाहाचं होतं."

मी हार मानली नाही. "अन् हे कपाट? हा पलंग? याले तं टिकलीच नाही. विसरली ती. आता याचा निकाल कसा लागन?"

साळी हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमची बहीण कुठं टिकली लावते?"

माझी मोठी बहीण सावनेरला असते. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्याकडे कपाट नाही, लुगडी अजून ट्रंकेत ठेवते, हे मला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं.

दोन दिवसांत टेम्पो येऊन गेले. रिकाम्या खोलीत सतरंजी टाकून बसलो. पोराला सांगायला आता काही उरलं नव्हतं. तरी एखादं निमित्त सापडतं का ते शोधून पाहिलं. मग नातवाचा चेहरा आठवून पाहिला. रोज फोनवर दिसतो. केस सरळ की कुरळे, ते सांगता येईना. नाक आमच्याकडचं की सुनेकडचं, तेही नाही. पोरगं चार वर्षांचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला फोन लावला आणि तिकीट काढ म्हटलं. तो रडेल असं वाटलं, म्हणून लवकर ठेवला. मग बर्डीच्या बाजारात गेलो. मे महिना, दहा वाजताच डांबर मऊ झालं होतं. दुकानदाराला पूर्ण बाह्यांचे गरम बनियान मागितले.

"काका, तबियत ठीक है ना?"

"कॅनडा जा रहा हूँ. हमेशा के लिए."

त्यानं माळ्यावरून खोका काढला, धूळ झटकली. एक मी शर्टावरूनच चढवून पाहिला. दोन मिनिटांत पाठीवरून घाम वाहायला लागला. बाह्या आखूड होत्या. मोठा नंबर मागितला आणि तीन घेतले.