धाकट्या जावेचा खांदा

माझ्या धाकट्या जावेइतकी खोटारडी बाई अख्ख्या नागपुरात सापडणार नाही, आणि तिचं सगळं खोटं स्वतःच्या तब्येतीपुरतं असतं. तापानं फणफणली तर म्हणते, "ऊन पाहा ना बाई कसं तापलं." तेही थंडीत. एका लग्नात पाय मुरगळला, तर लंगडतच सगळी पंगत वाढली. विचारलं तर म्हणे, जमीनच वाकडी आहे.

यंदा उजवा खांदा धरला. हुडकेश्वरच्या तिच्या घरात वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली आले. "उंदरांची सोय करून राहिली का वं?" मी विचारलं. "फळी पुसून राहिली," ती म्हणाली. उन्हाळा सरला तरी फळी पुसून झाली नाही.

शेवटी मीच तिला ओढून सदर भागातल्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण पोर खांदेदुखीच्या प्रश्नांचा नवा मराठी कागद तपासून पाहत होती. आधी पेशंटनं आपला त्रास सांगायचा, मग हात किती वर जातो ते ती मोजणार. दोन्ही जुळलं तर कागद खरा. उपचारही त्यावरूनच ठरायचा. केस विंचरता येतात? "येतात ना." वेणी रोज सून घालते. वरचा डबा काढता येतो? "दोन काढते." दहापैकी किती दुखतं? "शून्यच टाक लेकरा, उगाच तुले काहून त्रास?" मग हात उचलायला लावला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. "आजी, कागदावर तर तुम्ही छताचा पंखा पुसून आल्या! असंच चाललं तर हात कायमचा अडकेल." "कोणाचा?" जाऊ म्हणाली.

पोर हुशार. पुढच्या खेपेला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. तिनं मला बाहेर बसवलं. म्हणाली, उत्तरं पेशंटनं एकट्यानंच द्यायची. मी पडद्याअलीकडे बाकावर. केस? "नाही विंचरता येत." डबा? "नाही." त्या कुशीवर झोपता येतं? खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात, "झोपच नाही वं माय. बाहेर बसल्या त्यायले नको सांगजो. त्यायच्यासमोर मी कधी थकली नाही."

बाहेर आली. "काय सांगितलंस?" "काय सांगीन? मस्त आहे म्हटलं." आणि त्याच हातानं पिशवी उचलली. बसस्टॉप लांब. पिशवी मागितली असती तर दिली नसती. मी म्हटलं, "ऑटो कर वं, माझे पाय दुखून राहिले."

तिचा चेहरा उजळला. "म्हाताऱ्या झाल्या बाई तुम्ही आता!" म्हणत तिनं ऑटोवाल्याला हाक मारली. माझे पाय ठणठणीत होते, तरी चढताना मी थोडी कण्हले.